मदत हवी आहे: बोंडअळी 'सरावली' म्हणजे नेमकं काय?

बाबा म्हणतात, गुलाबी बोंडअळी बीटीला (म्हणजे अळी मारणारं विष स्वतःच तयार करणाऱ्या कपाशीला) सरावली. माझं म्हणणं, एकही अळी सरावत नाही. विष पचवणाऱ्या मोजक्या आधीच होत्या, बाकीच्या मेल्या, यांचीच पिलावळ वाढली. 2002 साली बीटी कपाशी आली, 2017 साली विदर्भात पोखरलेली बोंडं सगळ्यांनी पाहिली.

अडतंय ते बीटीच्या कडेने लावायच्या नॉन-बीटीच्या, म्हणजे हे विष नसलेल्या साध्या कपाशीच्या ओळींपाशी. (बीटी बियाण्यासोबत मिळालेलं नॉन-बीटीचं पाकीट आम्हीही पेरलं नव्हतं, खोटं कशाला बोलू!) तिथल्या अळ्यांचे साधे पतंग विष पचवणाऱ्या अळ्यांच्या पतंगांशी जुळले की पिल्लं बीटीवर मरतात, कारण विष पचवण्याचा गुण अप्रभावी, म्हणजे आईबाप दोघांकडून आला तरच दिसणारा, एवढं कळलं. मग हिरवी बोंडअळी तूर-हरभऱ्यावरही जगते, गुलाबीला मात्र कपाशीशिवाय फारसं काही चालत नाही, म्हणूनच गुलाबी आधी बदलली का? बाबांना पटेल असं कुणी सांगाल?