दंतोपचारानंतर रुग्ण समाधानी आहे की नाही, हे नेमके कशावर ठरते?

प्रश्न (दंतवैद्यकाची विद्यार्थिनी):
प्रकल्पासाठी मला रुग्णांच्या समाधानाविषयी प्रश्नावली तयार करायची आहे. बाह्यरुग्ण विभागात एक गोष्ट सतत खटकते. ज्या दाढेचे रूट कॅनॉल एक्स-रेमध्ये अगदी नेटके दिसते, तिचा मालक कुरकुरत बाहेर पडतो आणि जिथे काम जेमतेम झालेले असते, तिथला रुग्ण मनापासून आभार मानून जातो. मग रुग्ण आमचे मूल्यमापन करतो तरी कशावरून, आणि प्रश्नावलीत ते उतरवायचे कसे?

प्रतिसाद (दंतवैद्य):
दाताच्या मुळांतील कालव्यांच्या टोकापर्यंत भरणी पोहोचली की नाही, हे रुग्णाला कधीच कळत नाही. त्याला दुखले किती, विचारले कोणी आणि सांगितले काय, एवढेच त्याच्या हाती असते, म्हणून निकालही तो त्यावरच देतो. भूल देण्याचेच उदाहरण घ्या. हिरडी कोरडी करून बधिर करणारी जेल मिनिटभर तरी लावून ठेवली आणि औषध मिनिटाला साधारण १ मिली या संथ गतीने सोडले, तर सुईचा त्रास बराच कमी होतो. घाईत काही सेकंदांत पिचकारी रिकामी केली की ऊतींवर ताण येऊन तीच सुई लक्षात राहते. खालच्या दाढेच्या आतला नसांचा गर तीव्र सुजलेला असेल, तर ओठ पूर्ण बधिर होऊनही दाढ ठणकू शकते. हे आधी सांगितलेल्या रुग्णाला जादा भूल म्हणजे आपली काळजी घेतली जात आहे असे वाटते. न सांगितलेल्याला ती डॉक्टरांची चूक वाटते. दुखल्यास हात वर करा, असे आपण सगळेच सांगतो, पण हात वर झाल्यावर ड्रिल खरोखर थांबते का, हा प्रश्न तुमच्या प्रश्नावलीत अवश्य असावा.

प्रतिसाद (सार्वजनिक आरोग्य, संशोधन):
प्रश्न अगदी नव्याने रचण्याआधी जुनी साधने पाहावीत. डेव्हिस आणि वेअर यांची दंतसेवा-समाधान प्रश्नावली १९८० च्या दशकाच्या आरंभीची असून तिच्यात सेवेची उपलब्धता, खर्च आणि वेदना यांचाही विचार आहे. संशोधक कोरा आणि सहकाऱ्यांची १९८४ ची १० प्रश्नांची मापनपट्टी मात्र एकाच भेटीपुरती, म्हणजे माहिती, समजूतदारपणा आणि तांत्रिक कौशल्य यांविषयी विचारते. सोबत भीतीही मोजा. कोरा यांच्याच १९६९ च्या दंतभीतीच्या पट्टीत ४ प्रश्न आहेत, तर हम्फ्रिस आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये सुधारलेल्या पट्टीत सुईविषयीचा पाचवा प्रश्न वाढवला आहे. घाबरलेल्या आणि निर्धास्त रुग्णांची उत्तरे एकत्र मिसळली, तर फरक डॉक्टरांमुळे पडला की भीतीमुळे, हे सांगता येणार नाही.

दुसरी अडचण अशी की, स्वागतकक्षात कर्मचाऱ्यांसमोर फॉर्म भरून घेतला, तर बहुतेक जण भिडेखातर वरचेच गुण देतात. म्हणून नाव न विचारता आणि काही दिवसांनी विचारावे. भरणी उंच राहून चावताना लागते आहे, हे भूल उतरल्यावरच कळते. ‘तुम्ही समाधानी आहात का?’ यापेक्षा ‘उपचार सुरू करण्याआधी इतर पर्याय सांगितले होते का?’ असे विचारणे कितीतरी उपयोगाचे.

प्रतिसाद (एक रुग्ण):
खर्चाचा मुद्दा एका शब्दात उरकू नये. मला आधी फक्त दात भरायचा आहे असे सांगण्यात आले, मग खुर्चीवर तोंड उघडे असतानाच रूट कॅनॉल करावे लागेल असे कळले आणि ते संपल्यावर कॅपही लागेल असे. उपचार योग्यच असतील, दाढ आज ठणठणीत आहे. पण हो म्हणण्याची वेळ अशी आली की नाही म्हणण्याची सोयच उरली नव्हती. कीड किती खोल आहे हे दात उघडल्यावरच कळते, हे सुरुवातीला सांगून दोन्ही शक्यतांचा अंदाजे खर्च दिला असता, तर तेवढेच पैसे मी तक्रार न करता दिले असते. ताटकळण्याचेही तसेच. उशीर होणार, हे कोणीतरी येऊन सांगावे, एवढीच अपेक्षा असते.

प्रश्नकर्ती:
आभार. कवळीच्या रुग्णांनाही हीच प्रश्नावली चालेल का?

प्रतिसाद (दंतवैद्य):
नाही, त्यांच्यासाठी वेगळी करा. पूर्ण कवळीत तांत्रिक गुणवत्ता आणि समाधान यांचा संबंध फार सैल असतो. खालच्या कवळीला टेकायला जागा कमी आणि जीभ तिला सतत हलवते, त्यामुळे उत्तम बसवलेली कवळीही सुरुवातीला सैल वाटते. बोलणे आणि चावणे अंगवळणी पडायला काही आठवडे लागतात, म्हणून पहिल्याच आठवड्यात फॉर्म देऊ नका आणि त्यांनी आधी कवळी वापरली होती का, हे सर्वांत आधी विचारा.