बाबांच्या व्हिडिओ कॅसेट आणि जुन्या मालिकांच्या डीव्हीडी: काय ठेवू, काय सोडू?

नौपाड्याची लेक

नमस्कार मंडळी. आमची नौपाड्यातली इमारत पुनर्विकासाला जातेय. डिसेंबरअखेर घर रिकामं करून द्यायचंय, आणि ताबा मिळेपर्यंत मुक्काम कासारवडवलीला भाड्याच्या वन बीएचकेत. बाकी सामानाचं काहीही करा, पण हॉलमधल्या भिंतीतल्या कपाटाला मला विचारल्याशिवाय हात लावू नका, असं बाबांनी बजावलंय. त्यात त्यांचा जुन्या मालिकांचा संग्रह आहे.

वरच्या फळ्यांवर विकत घेतलेले डीव्हीडी संच आहेत: 'भारत एक खोज', 'मालगुडी डेज', 'महाभारत', 'मिर्झा गालिब', 'ब्योमकेश बक्षी'. शिवाय भावाने अमेरिकेतून आणलेला 'स्टार ट्रेक' या इंग्रजी विज्ञानमालिकेचा संच, जो आमच्या प्लेयरवर आजवर लागलेला नाही. मधल्या फळीवर व्हीसीडी, बहुतेक पातळ प्लास्टिकच्या पाकिटांत, काही पाकिटं तबकडीला चिकटलेली. खालच्या फळीवर व्हीएचएस कॅसेट, त्यातल्या बऱ्याचशा बाबांनी स्वतः दूरदर्शनवरून रेकॉर्ड केलेल्या. कडेला त्यांच्या अक्षरात 'बुनियाद', 'गजरा', 'प्रतिभा आणि प्रतिमा', 'नुक्कड' असं लिहिलंय. काहींवर नुसतंच 'रविवार'.

भाऊ म्हणतो, सगळं यूट्यूबवर आहे, फार तर डीव्हीडी ठेव आणि कॅसेट भंगारवाल्याला दे. बाबांना ते फार लागलंय. व्हीसीआर घरात आहे, पण तो कित्येक वर्षांत सुरू केलेला नाही. जागा खरंच कमी आहे. या वस्तूंचं काय करायचं आणि कुठून सुरुवात करायची, हे कुणी सांगेल का?

फीतवाला, कोपरी

ताई, तुमच्या भावाने क्रम नेमका उलटा लावलाय. जागाच नसेल तर डीव्हीडींचे खोके टाका, तबकड्या जाड पाकिटांत घालून एका पेटीत भरा. पण खालची फळी जशीच्या तशी न्या. 'महाभारत' हजारो घरांत आहे. बाबांच्या 'रविवार' लिहिलेल्या कॅसेटची दुसरी प्रत मात्र कुठेच नसण्याची शक्यता आहे.

मी कोपरीत व्हीसीआर दुरुस्त करायचो, व्हिडिओ लायब्ऱ्या होत्या त्या काळापासून. तेव्हा ब्लँक कॅसेट महाग होती आणि घरोघरी एकाच कॅसेटवर पुन्हा पुन्हा रेकॉर्डिंग व्हायचं. मोठमोठ्या केंद्रांनीही तेच केलं. बीबीसीने साठच्या दशकातल्या आपल्या 'डॉक्टर हू' या विज्ञानमालिकेच्या फिती पुसून वापरल्या, आणि नव्वदहून अधिक भागांचं चित्र आजही सापडलेलं नाही. पण त्या सगळ्या हरवलेल्या भागांचा आवाज मात्र शिल्लक आहे, कारण घरी बसलेल्या प्रेक्षकांनी तो टीव्हीवरून टेपरेकॉर्डरवर घेऊन ठेवला होता. 2013 साली त्या मालिकेचे नऊ भाग थेट नायजेरियातल्या एका केंद्रात सापडले. सरकारी तिजोरीत नसलेली वस्तू कुणाच्या तरी फळीवर असते, ती अशी.

आणि मालिकेपेक्षा मालिकेच्या आजूबाजूला जे आहे ते जास्त मोलाचं. 'बुनियाद' कुठेतरी मिळेल. पण त्या दिवशीची निवेदिका, मधल्या जाहिराती, 'व्यत्यय'ची पाटी, शेवटी रेकॉर्डिंग बंद करायला उशीर झाला म्हणून आलेली प्रदीप भिडेंच्या आवाजातल्या बातम्यांची पाच मिनिटं, हे कुणीही डीव्हीडीवर काढलेलं नाही आणि काढणारही नाही. कॅसेटवर तारीख नसेल तर या तुकड्यातल्या बातम्यांवरूनच ती ठरवता येते.

आता कामाचं. व्हीसीआर विकू नका, देऊन टाकू नका. बाबांनी याच यंत्रावर रेकॉर्ड केलं असेल तर हेच यंत्र त्या फिती सगळ्यात स्वच्छ वाचेल. प्रत्येक यंत्राचं अलाइनमेंट, म्हणजे आतल्या भागांची जुळणी, किंचित वेगळं असतं, दुसऱ्यावर लावलं की ट्रॅकिंगचे पट्टे येतात. पण पडून राहिलेल्या यंत्रातले रबरी बेल्ट कडक होतात, फीत पुढे ओढणारा रबरी पिंच रोलर गुळगुळीत होतो, आणि मग ते फीत खातं. म्हणून आधी दुरुस्ती, मग एखाद्या हिंदी सिनेमाची गेली तरी चालेल अशी कॅसेट लावून बघायचं. ती नीट आत-बाहेर झाली, पुढे-मागे पळाली, तरच बाबांची कॅसेट घालायची.

हेड (फिरत्या गोल ड्रमवरचा फीत वाचणारा भाग) साफ करायला इअरबड अजिबात नको, कापसाचे धागे हेडच्या टोकाला अडकून ते तुटतं. शॅमॉय लेदरचा (मऊ, धागे न सुटणाऱ्या चामड्याचा) तुकडा आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवून ड्रमला नुसता टेकवायचा आणि ड्रम हाताने फिरवायचा, तुकडा वर-खाली घासायचा नाही. चालू असताना हा ड्रम मिनिटाला 1500 फेऱ्या मारतो, त्यावर एक कण राहिला तरी पडद्यावर बर्फ पडतं.

कॅसेट घालण्याआधी दोन गोष्टी. मागच्या कडेची छोटी प्लास्टिकची पट्टी शाबूत असेल तर तोडा, म्हणजे चुकूनही वर रेकॉर्ड होणार नाही. आणि खिडकीतून फितीच्या गुंडाळीकडे टॉर्च मारून पाहा. काळी, तुकतुकीत, सपाट दिसली तर ठीक. पांढरी पूड किंवा कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. ठाण्याच्या पावसाळ्यात बंद भिंतीतलं कपाट म्हणजे ती हमखास असणार. तशी कॅसेट यंत्रात घातली की हेड चोक होतं आणि बुरशी पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते. ती वेगळी ठेवा, तिचं नंतर बघू.

वाशी_सेक्टर_नऊ

फीतवाला काकांच्या क्रमाला माझं पूर्ण अनुमोदन. वरच्या फळीबद्दल मी लिहितो, कारण माझ्या घरात बहुतेक तीच फळी आहे, इंग्रजी मालिकांची. पंधरा वर्षांपूर्वी वाशीत सेक्टर सतराला संध्याकाळी चक्कर मारली की डीव्हीडीची एखादी पिशवी घेऊनच घरी यायचो.

'स्टार ट्रेक' न लागण्याचं कारण बहुधा रीजन कोड, म्हणजे कोणत्या देशातल्या प्लेयरवर तबकडी चालेल ते ठरवणारा आकडा. अमेरिकेतली डीव्हीडी रीजन 1, भारत रीजन 5. शिवाय ती एनटीएससी या अमेरिकन चित्रपद्धतीतली आहे, आपली पद्धत पाल. आजचे टीव्ही दोन्ही दाखवतात, अडचण प्लेयरची असते. लॅपटॉपला डीव्हीडी ड्राइव्ह जोडून व्हीएलसी या व्हिडिओ प्लेयर सॉफ्टवेअरमध्ये लावून पाहा, बहुतेक वेळा चालते. ड्राइव्हने 'रीजन बदलू का' विचारलं तर लगेच हो म्हणू नका. तो पाचच वेळा बदलता येतो, पाचव्यांदा जो निवडाल तो कायमचा.

हा संच जाऊ देऊ नका. मूळ मालिका 1966 ते 1969, एकूण 79 भाग, 35 मिमी फिल्मवर चित्रित. 2006 पासून तिच्या रीमास्टर्ड आवृत्त्या निघाल्या, त्यांत अंतराळयानाची दृश्यं संगणकावर नव्याने केलेली आहेत. खोक्यावर 'रीमास्टर्ड' छापलेलं नसेल तर तुमच्याकडे जुने, हाताने केलेल्या प्रतिकृतींचे इफेक्ट्स असण्याची शक्यता आहे. रविवारी सकाळी दूरदर्शनवर आम्ही तेच पाहिले होते. ब्ल्यू-रेवर दोन्ही मिळतात, पण ऑनलाइन बहुतेक ठिकाणी नवीच आवृत्ती असते.

'यूट्यूबवर आहे' हे वाक्य मला म्हणूनच खटकतं. काय आहे, ते कुणी बघत नाही. चौकोनी चित्र ताणून रुंद केलेलं, शीर्षकगीत कापलेलं, पार्श्वसंगीत बदललेलं. अमेरिकेतल्या एका रेडिओ केंद्रावरची 'डब्ल्यूकेआरपी इन सिनसिनाटी' ही मालिका 2007 मध्ये डीव्हीडीवर आली तेव्हा गाण्यांचे हक्क परवडेनात म्हणून त्यातली कितीतरी गाणी बदलली होती. पुढे 2014 मध्ये दुसऱ्या कंपनीने बरीचशी परत आणली. एकाच मालिकेचे दोन संच, दोन वेगळे अनुभव.

तुमच्या संचांत भाग पूर्ण आहेत का ते मोजून घ्या. 'भारत एक खोज' 53, 'महाभारत' 94. 'मालगुडी डेज'मध्ये शंकर नाग यांचे 39 आणि 2006 साली कविता लंकेश यांनी केलेले 15 वेगळे. सुरुवातीचे 13 भाग इंग्रजीतही झाले होते, तेव्हा ध्वनिपट्टी कोणती आहे तेही पाहा. 'भारत एक खोज'मधले शिवाजी महाराजांचे भाग तबकडीवर अडकत नाहीत ना, ते आधी बघा. नसीरुद्दीन शाह शिवाजी, ओम पुरी औरंगजेब. ते तुमच्या बाबांना पुन्हा पुन्हा पाहायचे असतील अशी माझी खात्री आहे.

व्हीसीडींची घाई डीव्हीडीपेक्षा जास्त आहे. व्हीसीडीत माहितीचा थर लेबलच्या लगेच खाली असतो, वरून ओरखडा गेला की संपलं. डीव्हीडीत तो दोन थरांच्या मध्ये सुरक्षित असतो. चिकटलेलं पाकीट ओढून काढू नका, कात्रीने कडा कापून हळूच सोडवा. आत 'एमपीईजीएव्ही' नावाच्या फोल्डरमध्ये व्हिडिओची डॅट फाइल असते, ती सरळ कॉपी होते. घरी बर्न केलेल्या डीव्हीडी असतील तर त्या विकतच्यांच्या आधी उतरवा, त्यांतला रंगद्रव्याचा थर उन्हाने आणि उष्णतेने उडतो.

घोडबंदरची जुई

कॅसेट डिजिटल झाल्या की इथे सगळ्यांसाठी टाकाल का? 'गजरा' बघायला मी काहीही देईन. आईच्या तोंडून इतकं ऐकलंय!

वाशी_सेक्टर_नऊ

जुई, इच्छा समजतेय, पण मालिकांचे हक्क प्रसिद्धीनंतर 60 वर्षं टिकतात. 1986 ची मालिका 2046 संपेपर्यंत कुणाच्या तरी मालकीची आहे. घरी बसून बघण्यासाठी प्रत ठेवणं वेगळं, अख्खे भाग वाटणं वेगळं. आईला घेऊन ताईंकडे जा, तिथेच बघा.

नौपाड्याची लेक

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी. हे उत्तर बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं, भावालाही पाठवलं. तो आता हार्ड डिस्क घेऊन येतोय.

टॉर्च मारून पाहिलं. बऱ्याच कॅसेट स्वच्छ आहेत, पण भिंतीला टेकलेल्या रांगेत पांढरे धागे दिसतात, आणि 'गजरा' त्यातच आहे. व्हीसीआर बाबांनी घेतला तोच आहे, रेकॉर्डिंग त्यावरच झालंय. आता हार्ड डिस्क किती मोठी घेऊ? आणि बुरशीच्या कॅसेटचं काय करू?

फीतवाला, कोपरी

तो व्हीसीआर सांभाळा, बस.

डिस्कचा हिशोब: कॅप्चर कार्डावरून (व्हीसीआरचं चित्र संगणकात घेणाऱ्या उपकरणावरून) डीव्ही या डिजिटल व्हिडिओ फॉर्मॅटमध्ये घेतलं तर तासाला साधारण 13 जीबी. तीन तासांची कॅसेट 39 जीबी, म्हणजे एका टीबीत पंचवीसच्या आसपास. दोन डिस्क घ्या, एक तुमच्याकडे, एक भावाच्या घरी. कार्डाच्या सेटिंगमध्ये पाल निवडा, नाहीतर चित्र काळं-पांढरं येईल आणि कॅसेट खराब झाली असं वाटेल. चित्र 720 बाय 576 ठेवा, ताणू नका, 'सुधारणा' करणारं कुठलंही बटण दाबू नका. ही रेकॉर्डिंग टीव्हीवरून व्हीएचएसवर आलेली आहेत, त्यातून एचडी निघत नाही. आहे तेवढं सगळं उतरवणं हेच काम. पिवळी वायर चित्राची. जुना व्हीसीआर मोनो असेल तर आवाजाची एकच असेल, ती पांढऱ्यात लावा.

प्रत्येक कॅसेट आधी शेवटपर्यंत पुढे आणि मग पूर्ण मागे गुंडाळून घ्या, वर्षानुवर्षं एकमेकांना चिकटलेले वेढे मोकळे होतात. मग सुरू करा आणि बाबांना शेजारी बसवा. तीन तासांच्या कॅसेटला तीन तासच लागतात, त्याला दुसरा मार्ग नाही. पण तेवढ्या वेळात ते सांगतील की हे कोणतं नाटक, मुलाखत कुणाची, तो रविवार कोणता. ते वहीत लिहा, फाइलच्या नावातही घाला. अशी नावं नसलेल्या फाइल्स मी लोकांकडे पाहिल्या आहेत. त्या कधीच उघडल्या जात नाहीत.

बुरशीच्या कॅसेट प्रत्येकी वेगळ्या झिपच्या पिशवीत, सिलिका जेलच्या पुड्या घालून, उभ्या ठेवा. घरात उघडून झटकू नका, ती पूड छातीत जाते, बाबांचं वय पाहता तर नकोच. आधी कोरड्या होऊ द्या, ओल्या बुरशीचे डाग पसरतात, सुकलेली सुटून येते. डिसेंबर-जानेवारीची कोरडी हवा या कामाला बरी. त्यासाठी वेगळं यंत्र लागतं, फक्त साफसफाईला ठेवलेलं, ज्यात फीत वाचायची नसते, नुसती पुसत पुढे न्यायची असते. माझ्याकडे तसं एक आहे, हेड काढून टाकलेलं. 'गजरा' आणि त्या रांगेतल्या बाकीच्या घेऊन या, पत्ता व्यक्तिगत निरोपातून कळवतो. सामान हलवण्याआधी या, कारण पॅकिंगवाले कॅसेट आडव्या रचतात आणि वर मिक्सर ठेवतात.