हॅमेलिन पूलची मोडलेली पायवाट पुन्हा बांधावी का?

समुद्रफेस: पश्चिम ऑस्ट्रेलियात शार्क बे नावाचा उपसागर आहे, १९९१ पासून जागतिक वारसा. त्याच्या हॅमेलिन पूल या उथळ भागात स्ट्रोमॅटोलाइट नावाचे थराथरांचे दगड बघायला पाण्यावरून पायवाट होती. एप्रिल २०२१ मध्ये सेरोजा चक्रीवादळाने ती मोडली. माझं स्पष्ट मत, तिथे पुन्हा काहीच बांधू नये. हे दगड सूक्ष्म जीवाणू रचतात, चिकट थरात वाळूचे कण धरून ठेवत. वर्षाला मिलिमीटरभरही वाढत नाहीत. शंभरेक वर्षांपूर्वी उंटांच्या गाड्यांतून लोकर किनाऱ्यावर नेत, त्या गाड्यांच्या चाकोऱ्या अजून तिथे दिसतात!

पर्थची मावशी: अहो, त्या चाकोऱ्या पायवाट नव्हती तेव्हाच्या आहेत. वाट नसली की लोक पाण्यात उतरतात. २०१८ ला मुलाला घेऊन गेले होते, पर्थहून अख्खा दिवस गाडीत. तो फळ्यांवर पालथा पडून बघत होता. वरून काळपट, खरखरीत. पाण्याखाली मात्र मऊ थर आणि त्याला चिकटलेले बारीक बुडबुडे. असाच प्राणवायू सोडून यांच्या पूर्वजांनी पृथ्वीची हवा बदलली, हे त्याला तिथेच पटलं. पुस्तकात वाचून पटलं नव्हतं.

खारवट: पूर्वजांचा विषय निघाला म्हणून आधी एक खुलासा, कारण ते आणि आजचे दगड यांच्या वयाचा घोळ नेहमी होतो. साडेतीनशे कोटी वर्षं जुने ते पश्चिम ऑस्ट्रेलियातल्याच पिलबरा भागातले जीवाश्म. हॅमेलिनचे दगड दोन-तीन हजार वर्षांचे. जुनी आहे ती जगण्याची रीत. आणि तुम्ही दोघं पायवाटेवरून भांडताय, खरा धोका बाहेर आहे. उपसागरात सागरी गवताने धरून ठेवलेला फॉर सिलचा उंचवटा आहे. त्यामुळे आत ताजं पाणी कमी येतं, ऊन पाणी आटवतं आणि खारटपणा समुद्राच्या दुप्पट होतो. म्हणून तर हे थर खरवडून खाणाऱ्या गोगलगायी तिथे फारशा टिकत नाहीत. २०१०-११ च्या उष्ण लाटेत त्या उपसागरातलं गवत फार मोठ्या प्रमाणावर मेलं. आधी ते वाचवा.

समुद्रफेस: गवताचं शंभर टक्के मान्य. मावशी, चाकोऱ्यांचंही मान्य. पण पुढच्या वादळात तुटलेली तुळई कुणावर आपटणार? त्या दगडांवरच ना? किनाऱ्यावर मचाण बांधा, तिथून बघू द्या.

पर्थची मावशी: मचाणावरून बुडबुडे दिसायचे नाहीत. मला पायवाटच हवी. कमी लांबीची चालेल, पण वादळात टिकेल अशी मजबूत बांधा. खर्च होऊ दे.