'पॅकर्स' म्हणजे नक्की कोण? आणि त्यांच्या शेअरवाल्यांना मराठीत काय म्हणायचं?

शब्दवेडी:
आमच्या मंडळाच्या अंकासाठी ग्रीन बे पॅकर्स या अमेरिकन फुटबॉल टीमच्या इतिहासावर लेख लिहितेय आणि दोन शब्दांपाशी गाडी अडलीये. पहिला म्हणजे पॅकर्स. आपल्याकडे घर बदलताना येतात ते मूव्हर्स अँड पॅकर्सच डोळ्यासमोर येतात, पण टीमचं नाव त्यावरून ठेवलेलं नसणार. दुसरं, या टीमला एक असा मालक नाही, लाखो लोकांकडे शेअर आहेत. मग त्यांना मालक लिहू का भागधारक? जाणकारांनी सांगा प्लीज.

मिलवॉकीकर:
ताई, सामान बांधणारे नाहीत, हे मांस भरणारे. पूर्वी अमेरिकेत डुकराचं मांस मिठाच्या पाण्यात घालून लाकडी पिंपांत ठासून भरायचे म्हणजे ते महिनोन्महिने टिकायचं, त्या भरण्याला पॅकिंग म्हणत आणि हा धंदा करणारा तो पॅकर. पुढे पिंपं गेली, पत्र्याचे डबे आले, पण शब्द तोच राहिला आणि जनावर कापण्यापासून डबा बंद करण्यापर्यंतच्या अख्ख्या उद्योगालाच मीटपॅकिंग म्हणायला लागले.

आता टीमचं. विस्कॉन्सिन राज्यातल्या ग्रीन बे गावात १९१९ च्या ऑगस्टमध्ये कर्ली लॅम्बो आणि जॉर्ज कॅल्हून या दोघांनी तिथल्या प्रेस-गॅझेट या पेपरच्या ऑफिसात पोरं जमवून टीम काढली. लॅम्बो तेव्हा इंडियन पॅकिंग कंपनी नावाच्या मांस डबाबंद करणाऱ्या कारखान्यात नोकरीला होता (यातला इंडियन म्हणजे आपण नव्हे, अमेरिकेतले मूळनिवासी), त्याने तिथे जर्सी आणि सामानासाठी पैसे मागितले आणि कंपनीने ५०० डॉलर दिले. पैसे देणाऱ्याचं नाव टीमला लागलं, इतकं सरळ आहे ते. पहिल्याच वर्षी ११ पैकी १० मॅच जिंकले. १९२१ मध्ये तो कारखाना अ‍ॅक्मी पॅकिंग कंपनीने घेतला, त्याच वर्षी टीम व्यावसायिक लीगमध्ये गेली, जर्सीवर अ‍ॅक्मी पॅकर्स असं लिहिलेलं असायचं. पुढे कंपनी गेली, नाव मात्र शंभर वर्षांहून जास्त टिकलंय. म्हणून भाषांतर अजिबात करू नका, नाव पॅकर्सच ठेवा आणि एका वाक्यात 'मांस डबाबंद करणारे कामगार' असा खुलासा द्या. कामगारवस्तीच्या गावाची टीम आहे हे त्या एका शब्दातून कळतं आणि मला तरी तीच गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते, कारण बाकीच्या टीम कुणी अस्वल झालं, कुणी सिंह झालं, हे आपल्या कामाचं नाव घेऊन खेळतात.

मालक म्हणू नका, असं माझं मत. १९२३ मध्ये टीम बुडायच्या बेतात होती तेव्हा गावातल्या पाच जणांनी, त्यांना हंग्री फाइव्ह म्हणतात, ५ डॉलरला एक असे शेअर विकले. नंतर जेव्हा जेव्हा गरज पडली तेव्हा, १९३५, १९५०, १९९७, २०११ आणि शेवटी २०२१ मध्ये, परत विकले. शेवटच्या वेळी एक शेअर ३०० डॉलर. आज पाच लाखांवर लोकांकडे हे शेअर आहेत आणि गावाची वस्ती जेमतेम लाखभर! पण त्या शेअरवर डिव्हिडंड नाही, भाव वाढून विकता येत नाही, घरातल्या माणसाच्या नावावर करता येतो एवढंच, तिकिटाच्या रांगेतही नंबर पुढे लागत नाही. मिळतं काय तर वार्षिक सभेत मत आणि फ्रेम करून भिंतीवर लावायचा एक कागद. भागधारक शब्द कायद्याने बरोबर आहे पण आपल्याकडे तो वाचला की नफाच आठवतो.

सांगलीकर:
मग 'सभासद' का नको? हे वर्णन वाचून मला थेट आमचा साखर कारखानाच आठवला. गावोगावच्या लोकांचे थोडे थोडे पैसे, वार्षिक सभा, संचालक मंडळाची निवडणूक. सरळ 'सहकारी टीम' लिहा की.

मिलवॉकीकर:
दादा, सभासद हा शब्द मलाही आवडला, फक्त 'सहकारी' लिहिलं की फसगत होईल. सहकारात सभासदाचा ऊस कारखान्यात जातो, त्याला उसाचा दर मिळतो, दिवाळीला स्वस्तात साखर मिळते, म्हणजे देणंघेणं दोन्ही बाजूंनी असतं. इथे माणूस पैसे देतो आणि विषय संपला. कुणा एकाने टीम खिशात घालू नये म्हणून एका माणसाकडे दोन लाखांपेक्षा जास्त शेअर असू शकत नाहीत. आणि सगळ्यात भारी नियम म्हणजे, टीम कधी मोडीत निघाली तर आलेला पैसा शेअरवाल्यांना मिळणारच नाही. आधीच्या नियमाप्रमाणे तो माजी सैनिकांच्या संघटनेला सैनिकांचं स्मारक बांधायला जाणार होता, १९९७ पासून तो टीमच्या धर्मादाय संस्थेला जातो. म्हणून मी 'ना-नफा तत्त्वावरची लोकांची टीम' असं लिहीन आणि माणसांना सभासद.

आपलेपणा म्हणजे काय ते बघायचं असेल तर उन्हाळ्यातल्या सरावाच्या वेळी जावं. स्टेडियमपासून सरावाच्या मैदानापर्यंत खेळाडू गावातल्या लहान पोरांच्या सायकली चालवत जातात, सव्वाशे किलोचा गडी एवढ्याशा सायकलवर गुडघे वर काढून बसलेला आणि सायकलवाला पोरगा त्याचं हेल्मेट छातीशी धरून शेजारून पळतोय. आमच्या मिलवॉकीतही (हे विस्कॉन्सिनमधलंच मोठं शहर) १९९४ पर्यंत दरवर्षी त्यांच्या काही होम मॅच व्हायच्या, त्यामुळे इथल्या जुन्या लोकांनाही ती आपलीच टीम वाटते.

शब्दवेडी:
खूपच छान माहिती मिळाली, दोघांचे आभार. सभासद फायनल. अजून एक, 'चीझहेड' हा शब्द शिवी आहे का? लेखात वापरू का नको? आणि 'पॅकर्सने १३ सुपर बोल जिंकले' हे वाक्य बरोबर ना?

मिलवॉकीकर:
चीझहेड बिनधास्त वापरा. विस्कॉन्सिन म्हणजे दूधदुभत्याचं राज्य, त्यामुळे शेजारच्या इलिनॉयचे लोक चिडवायला तो शब्द वापरायचे. १९८७ मध्ये मिलवॉकीतल्या एकाने सोफ्याच्या फोमची चीझच्या तुकड्यासारखी त्रिकोणी टोपी कापून बेसबॉलच्या मॅचला घातली, तिथून ती पॅकर्सच्या लोकांनी उचलली आणि आता हे स्वतःच स्वतःला अभिमानाने चीझहेड म्हणवतात.

वाक्य मात्र बदला. लीगची विजेतेपदं एकूण १३, सुपर बोल त्यातले ४. सुपर बोल म्हणजे आताची लीगची फायनल, ती सुरूच झाली १९६७ च्या जानेवारीत, त्याआधीची ९ विजेतेपदं वेगळी, त्यातली १९२९, ३० आणि ३१ अशी सलग तीन लॅम्बोच्याच काळातली. पहिले दोन सुपर बोल प्रशिक्षक व्हिन्स लोम्बार्डींच्या हाताखाली जिंकले, आज विजेत्याला मिळणाऱ्या ट्रॉफीला त्यांचंच नाव आहे. पुढचे दोन १९९६ आणि २०१० च्या सीझनचे. फायनल जानेवारी-फेब्रुवारीत होते म्हणजे साल एकाने पुढे जातं, तेव्हा लेखात सीझनचं साल देताय का फायनलचं ते एकदा ठरवा आणि सगळीकडे तेच ठेवा.