मदत हवी आहे: टंगस्टनच्या तारेला टोक येत नाहीये

ओलीवही: दोन दिवस झाले, डोकं फिरायची वेळ आलीय. एसटीएमसाठी (अणकुचीदार टोक पृष्ठभागावरून फिरवून अणू दाखवणारा सूक्ष्मदर्शक) टंगस्टनच्या तारेचं टोक करायचंय. एचिंगला लावली, म्हणजे द्रावणात बुडवून विजेनं झिजवायला, तीन तास ठेवली, तार आहे तशीच. केसभरही झिजली नाही. तारेवर बुडबुडे मात्र भसाभसा येतात, म्हणजे वीज जातेय. पॉवर सप्लाय तपासला, ठीक आहे. परवा यंत्रावर माझी पाळी आहे, त्याआधी निदान एक टोक हवंच. काय चुकतंय?

निळीबाटली: द्रावण कोणतं, किती व्होल्ट, एसी की डीसी, तारेची जाडी किती? यातलं काहीच लिहिलेलं नाही.

ओलीवही: तार ०.२५ मिमी. डीसी, ८ व्होल्ट. द्रावण नेहमीचंच.

निळीबाटली: नेहमीचं म्हणजे कोणतं?

धातुवेडा: टंगस्टन भलता चिवट, वितळायलाच ३४२२ अंश सेल्सिअस लागतात. सौम्य द्रावणाला तो दाद देणार नाही. सोनं-प्लॅटिनम विरघळवणारं अम्लराज वापरा, काम फत्ते.

तिसरीओळ: धातुवेडा, असं काही सुचवू नका. वितळणबिंदूचा आणि विरघळण्याचा इथे संबंध नाही. अम्लराजात टंगस्टनवर ट्रायऑक्साइडचा थर बसतो आणि आतला धातू शाबूत राहतो. हा ऑक्साइड आम्लधर्मी, त्यामुळे त्याला आम्लारीच लागते. सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये त्याचं टंगस्टेट होतं आणि ते पाण्यात उतरतं. धोकादायक आम्ल हाताळून पदरात काहीच पडणार नाही.

ओलीवही: सोडियम हायड्रॉक्साइडच आहे, २ मोलर. मला वाटलं हे सगळ्यांना माहीत असतं.

कात्रीपक्कड: टंगस्टनच्या नादी लागूच नका. प्लॅटिनम-इरिडियमची तार घ्या, एक टोक पक्कडीत धरा, कात्री तिरकी लावून कापता कापता ओढा. दोन मिनिटांचं काम. मी ग्रॅफाइटवरचे अणू अशाच टोकानं पाहिलेत. शिवाय हवेत ऑक्साइड धरत नाही. टंगस्टन धरतो.

तिसरीओळ: ग्रॅफाइट सपाट असतो, तिथे एखादा पुढे आलेला अणू पुरतो. पृष्ठभाग खडबडीत असला की कापलेल्या टोकाचे दोन-तीन सुळके एकदम काम करतात आणि चित्रात सगळं दुहेरी दिसतं. आकाराची खात्री हवी तर एचिंगच.

कात्रीपक्कड: धागाकर्त्यानं नमुना कोणता ते कुठे सांगितलंय?

आवर्तसारणी: थोडं अवांतर. शीलेनं १७८१ मध्ये एका जड खनिजातून टंगस्टिक आम्ल काढलं. स्वीडिशमध्ये 'टुंग स्टेन' म्हणजे जड दगड. धातू वेगळा केला १७८३ मध्ये स्पेनमधल्या एल्हुयार बंधूंनी, वुल्फ्रमाइटमधून. चिन्हातला डब्ल्यू वुल्फ्रमचा, म्हणजे टंगस्टनच्याच दुसऱ्या नावाचा. आवर्तसारणीत त्याच्या दोन घरं अलीकडच्या हाफ्नियमची कथा तर आणखी सुरस. लँथनाइड आकुंचनामुळे (आधीच्या लँथनाइड मूलद्रव्यांत अणू आकसत जातो) त्याचा अणू झिर्कोनियमएवढाच राहतो, म्हणून झिर्कोनियमच्या खनिजात तो १९२३ पर्यंत लपून बसला. शेवटी कोस्टर आणि हेवेशी यांनी कोपनहेगनला क्ष-किरणांनी पकडला.

धातुवेडा: आणि टंगस्टनची घनता जवळजवळ सोन्याइतकी, दोन्ही १९.३ च्या आसपास. म्हणून सोन्याच्या विटेत टंगस्टन भरून फसवतात, वजनावरून पत्ता लागत नाही.

निळीबाटली: विषयावर येऊ. ओलीवही, पहिल्या पोस्टमध्ये तुम्ही लिहिलंय की बुडबुडे *तारेवर* येतात. खरंच तारेवर, की दुसऱ्या इलेक्ट्रोडवर?

ओलीवही: तारेवरच. दुसरा इलेक्ट्रोड म्हणजे स्टीलची रिंग, तिच्यावर त्या मानानं कमीच.

निळीबाटली: मग वायरी उलट्या जोडल्यात. हायड्रोजन ऋण टोकावर निघतो. टंगस्टन धन टोकाला हवा, तरच त्याचे इलेक्ट्रॉन जातात आणि तो टंगस्टेट होऊन विरघळतो. आत्ता तुम्ही तार जपताय आणि पाणी फोडताय. आणखी एक, तार किती बुडवलीय?

ओलीवही: दीडएक सेंटिमीटर. वायरी बदलून बघतो.

तिसरीओळ: दोन-तीन मिलिमीटरच बुडवा. झीज होते ती द्रावणाच्या पृष्ठभागाशी. तिथून टंगस्टेट जड होऊन तारेवरून खाली ओघळतं आणि खालच्या भागाला झाकून ठेवतं. पृष्ठभागाशी मान बारीक होत जाते, शेवटी खालचा तुकडा स्वतःच्या वजनानं गळतो. तुकडा लांब असला तर मान पुरेशी बारीक व्हायच्या आतच तुटते. आणि गळल्याबरोबर वीज तोडा, नाहीतर तयार झालेलं टोक पुन्हा बोथट होतं. गॉगल घाला.

कात्रीपक्कड: वीज हातानं तोडून भागत नाही. प्रवाह एकदम पडतो तो ओळखून बंद करणारं सर्किट हवं. तेवढ्यात माझी कात्री तीन टोकं कापते.

ओलीवही: झालं! वायरी उलट्याच होत्या. बदलल्यावर बुडबुडे रिंगेवर गेले, पाण्याच्या रेषेशी मान दिसायला लागली, थोड्या वेळानं तुकडा टपकन खाली पडला. पहिलं टोक बोथट निघालं, बंद करायला उशीर झाला. दुसऱ्या वेळी मीटरवर नजर ठेवून बटणावर बोट धरून बसलो. हे टोक कुठे संपतं ते ४०० पटीतही दिसत नाही. निळीबाटली, तिसरीओळ, मनापासून आभार. नमुना सिलिकॉनचा आहे, निर्वातात बघायचाय. सांगायचं राहूनच गेलं.

कात्रीपक्कड: निर्वातात? मग टंगस्टनच वापरा. पण आत गेल्यावर आधी तापवून ऑक्साइड उडवा.

ओलीवही: किती तापवायचं?