स्तोत्र ९१ ची परीक्षा: पाठ येतं म्हणजे कळलं का?

नगरची मैना

सगळ्यांना सलाम. आमच्या मंडळीत (चर्चमध्ये) यंदा तरुण संघाच्या बायबल क्विझसाठी एकच विषय दिलाय, स्तोत्रसंहितेतलं ९१ वं स्तोत्र. सरावाची प्रश्नपत्रिका हातात आली आणि वाचून राहवेना, म्हणून धागा काढतेय.

ज्यांनी हे स्तोत्र वाचलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. १६ वचनं आहेत. "जो परात्पराच्या गुप्त स्थली वसतो, तो सर्वसमर्थाच्या सावलीत राहील" ही सुरुवात. पारध्याचा पाश, रात्रीचं भय, दिवसा सुटणारा बाण, काळोखात फिरणारी मरी, या सगळ्यांपासून देव राखील, पंखांखाली घेईल, त्याचे दूत तुला हातांवर झेलतील, असं आश्वासन आहे. शेवटच्या तीन वचनांत देव स्वतः बोलतो. संकटात घराघरांत म्हटलं जाणारं स्तोत्र आहे हे.

आता प्रश्न बघा. एकूण वचनं किती? तेराव्या वचनात कोणकोणते प्राणी आले आहेत? रिकाम्या जागा भरा. हे स्तोत्र कोणी लिहिलं: दावीद, मोशे, आसाफ की शलमोन? उत्तरपत्रिकेत 'दावीद' छापलंय. अहो, हिब्रू पाठात या स्तोत्रावर कोणाचंच नाव नाही. ग्रीक भाषांतरात दाविदाचं नाव वर आलं. ज्यू परंपरा आधीच्या ९० व्या स्तोत्रावर मोशेचं नाव आहे म्हणून हेही त्याचंच धरते. म्हणजे ज्या मुलानं खरोखर अभ्यास केला त्याचाच गुण जाणार.

पण माझं खरं दुखणं वेगळं आहे. हे स्तोत्र नव्या करारात सैतानाच्या तोंडी आलंय. मत्तय ४, म्हणजे मत्तयाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय, उघडा. सैतान येशूला यरुशलेमात मंदिराच्या शिरोभागी उभं करतो आणि म्हणतो, खाली उडी टाक, कारण शास्त्रात लिहिलंय की दूत तुला झेलतील, तुझ्या पायाला धोंडा लागू देणार नाहीत. ही अकरावं-बारावं वचनं झाली. त्यात "तुझ्या सर्व मार्गांत तुझे रक्षण" करण्याचं जे आहे ते त्यानं गाळलं आणि तेरावं वचन येण्याआधीच थांबला. तेराव्यात नाग आणि अजगर पायाखाली तुडवायची गोष्ट आहे!

आपल्या प्रश्नपत्रिकेवर सैतानाला पैकीच्या पैकी मिळाले असते. एकही प्रश्न असा नाही की ज्याचं उत्तर देताना त्याची अडचण व्हावी. मग आपण मुलांचं नेमकं काय तपासतोय?

जुना शिक्षक

मैनाताई, शब्बाथशाळा चालवण्यात माझं आयुष्य गेलं, म्हणून स्पष्ट बोलतो. मत्तय ४ चा दाखला तुम्ही अर्धाच घेतलात. सैतानाला वचन पाठ होतं हे खरं. पण प्रभूनं उत्तर कशानं दिलं? तेही पाठ असलेल्या वचनानंच. चाळीस दिवसांचा उपास, आजूबाजूला अरण्य, हातात ग्रंथाची गुंडाळी नाही. तिन्ही वेळा उत्तर जुन्या करारातल्या 'अनुवाद' या पुस्तकातलं, आठव्या आणि सहाव्या अध्यायांतलं. "परमेश्वर तुझा देव ह्याची परीक्षा पाहू नकोस" हे त्या क्षणी ओठांवर नसतं तर?

दुसरं असं की 'काय गाळलं' हे ओळखायला आधी पूर्ण वचन तोंडपाठ लागतं. ज्याला अकरावं वचनच येत नाही त्याला चोरी कशी पकडता येणार? रिकाम्या जागा भरायला लावतो त्या याचसाठी. 'वचनं किती' हा प्रश्न तुम्हाला क्षुल्लक वाटतो, पण तो विचारला की मूल निदान एकदा शेवटपर्यंत जातं. हल्ली निम्मी माणसं दुसऱ्या वचनाच्या पुढे जात नाहीत, स्टेटसला ठेवतात आणि झालं.

लेखकाबद्दलही सांगतो. इब्री लोकांस पत्राच्या चौथ्या अध्यायात ९५ व्या स्तोत्रातलं वचन "दाविदाच्या द्वारे" म्हणून दिलंय, आणि हिब्रूत त्या ९५ वर तरी कुठे नाव आहे? नव्या कराराचा लेखक स्तोत्रांना दाविदाची म्हणतो, तर आमच्या उत्तरपत्रिकेत ते आलं म्हणून एवढं रागावायचं कारण नाही.

वसईकर

मला दोघांचंही पटत नाही. प्रार्थनेची परीक्षा घ्यावी कशाला?

आमच्याकडे, कॅथलिकांत, हे स्तोत्र रात्रीचं. संत बेनेदिक्तनं सहाव्या शतकात मठवासीयांसाठी नियम लिहिला, त्यात झोपण्याआधीच्या प्रार्थनेला रोज तीच तीन स्तोत्रं नेमून दिली, त्यातलं हे एक. रोज रात्री तेच, आयुष्यभर. आजही रविवारच्या रात्रप्रार्थनेत ते येतं. ते म्हणणाऱ्याला कोणी वचनं मोजायला सांगत नाही आणि सैतानानं कुठला तुकडा खाल्ला हेही विचारत नाही. दिवस संपला, दिवा मालवायचा, देवाच्या हवाली व्हायचं, एवढंच त्याचं काम.

जाता जाता एक. 'कितवं स्तोत्र' असा प्रश्न काढणार असाल तर जपून. ग्रीक आणि लॅटिन बायबलात नववं आणि दहावं स्तोत्र एकत्र धरलंय, त्यामुळे पुढचे आकडे एकानं मागे जातात. बेनेदिक्तच्या नियमात याचा क्रमांक ९० आहे. जुन्या लॅटिन पुस्तकावर वाढलेला माणूस ९० लिहील आणि त्याचंही बरोबरच असेल.

रात्रपाळी

मी नर्स आहे. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत कोविड वॉर्डात होते. त्या दिवसांत हे स्तोत्र व्हॉट्सॲपवर किती वेळा आलं त्याला गणती नाही.

एक वयस्कर काका होते. तोंडावर श्वासाला जोर देणाऱ्या बायपॅप यंत्राचा मास्क, चष्मा डब्यात ठेवलेला, मोबाईल धरायची ताकद नाही. मास्कच्या आत ओठ हलायचे. सुरुवातीला वाटलं पाणी मागताहेत. वाकून ऐकलं तर "माझा आश्रय, माझा दुर्ग" एवढं कळलं. मग रात्री दोन-अडीचला, जरा उसंत मिळाली की मी त्यांच्या कानाशी पुढची ओळ म्हणायची आणि ते डोळे मिटून घ्यायचे. मॉनिटरवरचा आकडा काही वर चढत नव्हता, पण मास्क ओढून काढायची धडपड थांबायची. अशा वेळी बाहेरून काही देता येत नाही. आत जे साठवलेलं असेल तेवढंच हाताशी राहतं.

तेव्हा मैनाताई, पाठांतराला कमी लेखू नका. तुमचे अवघड प्रश्न त्यांना विचारून त्या रात्री काय मिळालं असतं? ते काका गेले. त्यांचा मुलगा बाहेर जिन्यावर बसून मला म्हणाला, "सिस्टर, बाबांना तर पूर्ण पाठ होतं." मी काही बोलू शकले नाही.

नगरची मैना

ताई, तुम्ही त्यांच्याजवळ वाकून ऐकलंत, त्याला माझा नमस्कार. पाठांतर नको असं मी कुठेच म्हटलेलं नाही. पण त्या मुलाचं वाक्य पुन्हा वाचा ना. "बाबांना तर पूर्ण पाठ होतं." म्हणजे पाठ असलं की मरण टळतं असं त्याला कोणीतरी शिकवलं होतं. निदान कोणी सांगितलं नव्हतं की तसं नाही. दहाव्या वचनात व्याधी जवळ येणार नाही असं आहे. पंधराव्यात देव म्हणतो, "संकटसमयी मी त्याच्याजवळ राहीन." संकट येणारच नसेल तर त्या वेळी जवळ राहण्याचा प्रश्न कुठून आला? ही दोन्ही वचनं एकाच स्तोत्रात कशी नांदतात, हे त्या पोराला तरुण संघात कोणी विचारलं असतं तर तो जिन्यावर इतका एकटा पडला नसता. माझी परीक्षा त्याच्यासाठी आहे.

वसईकर दादा, रोज म्हणणाऱ्या साधूला परीक्षेची गरज नाही, मान्य. आमची पोरं रोज म्हणत नाहीत. क्विझच्या निमित्तानं वर्षातून महिनाभर तरी स्तोत्र घरात उघडं राहतं. तो महिना प्राणी मोजण्यात घालवायचा का?

अश्दोदचा बेने

शालोम. मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातला ज्यू, मूळचे आम्ही अलिबागकडचे. कोकणात आम्हाला शनवार तेली म्हणत, आता इस्राएलमध्ये अश्दोदला असतो. तुम्ही ज्याला स्तोत्रसंहिता म्हणता ते आमचं तेहिल्लीम.

रात्रपाळीताईंचं वाचून लिहावंसं वाटलं. आमच्यात हे स्तोत्र प्रेत कबरीकडे नेताना म्हणतात. खांद्यावर माणूस, थांबत थांबत चाललेले लोक, आणि तोंडी "दीर्घायुष्य देऊन तृप्त करीन". लहानपणी मला याचा धक्का बसला होता. ज्याचं आयुष्य संपलं त्याच्यासमोर हे वचन? पण शेकडो वर्षं लोक तिथेच ते म्हणत आलेत. शनिवारी रात्री शब्बाथ संपल्यावर नवा आठवडा सुरू होतानाही म्हणतात, आणि तेव्हा हेच शेवटचं वचन दोनदा म्हणायची रीत आहे. म्हणजे ज्यांनी हे स्तोत्र सर्वांत जास्त वापरलं त्यांनी ते विम्याची पॉलिसी म्हणून कधी धरलं नाही.

वचन मंत्रासारखं वापरावं का, हा वादही जुना आहे. तालमुदात, म्हणजे आमच्या रब्बींच्या (धर्मगुरूंच्या) चर्चांच्या ग्रंथात, रब्बी यहोशुआ बेन लेवी यांची गोष्ट येते. ते झोपण्याआधी ही वचनं म्हणत. त्यावर विचारलंय की तोराच्या (धर्मशास्त्राच्या) शब्दांनी रोग बरा करायला त्यांनीच मनाई केली होती, मग हे कसं? उत्तर असं की रक्षणासाठी म्हणणं वेगळं आणि जखमेवर मंतरणं वेगळं. जुना शिक्षक सर, असा एखादा प्रश्न पोरांपुढे टाका आणि मागे बसून ऐका. आमच्याकडे शिकणं म्हणजे हेच, दोघं समोरासमोर बसून एकमेकांना अडवतात.

सांजवात

मी ख्रिस्ती नाही, धागा वाचत होते. आमच्या घरी तिन्हीसांजेला रामरक्षा. "शिरो मे राघवः पातु" पासून एकेक अवयव रामाच्या स्वाधीन करत जायचं. पाचव्या-सहाव्या वर्षी पाठ झाली, अर्थ कळला कॉलेजात. मधली सगळी वर्षं वाया गेली असं मला अजिबात वाटत नाही. अंधारात जिना उतरताना तो नादच पुरायचा.

म्हणून मैना, तुमच्या प्रश्नांची मला थोडी भीती वाटते. वीस वर्षांच्या मुलांना विचारा हवं तर. पण आठ वर्षांच्या मुलाला दहावं वचन आणि पंधरावं वचन यांचा मेळ घालायला लावलात, तर ते आधी घाबरेल आणि मग म्हणायचंच सोडेल. भक्तीची गोडी लागण्याआधी चिरफाड नको.

जुना शिक्षक

सांजवातताईंनी माझ्या मनातलं लिहिलं.

आणि व्यवहाराचंही बघा. आमच्याकडे पन्नास-साठ मुलं बसतात. तपासणारे आम्ही तिघं. 'सैतानानं असं का केलं' यावर कोणी चार ओळी लिहील, कोणी पानभर. एकाला सात आणि दुसऱ्याला पाच गुण का, हे पालकांना कसं समजावायचं? बक्षीस वाटपाच्या दिवशी भांडणं झालेली मी पाहिली आहेत. प्राणी किती या प्रश्नावर भांडण होत नाही. अश्दोदच्या भावाची पद्धत उत्तम, पण तिला दोन-दोन मुलांमागे एक जाणता माणूस लागतो. तो आणायचा कुठून?

नगरची मैना

सर, भांडण होत नाही म्हणून प्रश्न चांगला, हे मला मान्य नाही. आणि लहान मुलांचा गट वेगळा ठेवा असं मीही म्हणेन. माझी तक्रार तरुण संघाच्या पेपरबद्दल आहे. त्यात कॉलेजातली, नोकरीला लागलेली मुलं आहेत.

गुण देण्याची अडचण सुटते. छापील प्रश्नच देते, एका ओळीत उत्तर येईल असे. पहिल्या वचनापासून शेवटापर्यंत बोलणारा कुठे बदलतो? (चौदाव्याला.) मत्तयात अकराव्या वचनातला कोणता भाग आलेला नाही? हीच गोष्ट सांगताना लूकनं त्याच्या शुभवर्तमानात त्यातलं काय ठेवलं? (लूकमध्ये रक्षणाचा उल्लेख आहे, पण "सर्व मार्गांत" तिथेही नाही.) येशूनं उत्तर कोणत्या पुस्तकातून दिलं? लेखकाचा प्रश्न ठेवायचाच असेल तर असा विचारा: हिब्रूत नाव आहे का, आणि परंपरा कोणाची नावं सांगते? यात तपासणाऱ्याला काही ठरवावं लागत नाही. पाठांतर नसेल तर यातला एकही सुटणार नाही, म्हणजे तुमचंही काम होतं. इब्री पत्राचा तुमचा दाखला तर छान आहे, तोच उत्तरात मागा!

आणि एक गोष्ट मुलांना सांगितलीच पाहिजे असं मला वाटतं. मृत समुद्राजवळ कुमरानच्या अकराव्या गुहेत १९५६ मध्ये गुंडाळ्या सापडल्या. त्यांतल्या एकीत हे स्तोत्र भुतं हाकलायच्या गीतांच्या शेवटी लिहिलेलं आहे. येशूच्या काळाच्या आसपास लोक ज्या स्तोत्रानं दुष्ट आत्मे पळवत होते, तेच सैतान स्वतः म्हणून दाखवतो. हे कळल्यावर मत्तयाचा चौथा अध्याय किती वेगळा वाचला जातो! हे माहीत नसलेला मुलगा पहिला येतो, याचं मला वाईट वाटतं.

रात्रपाळी

मैनाताई, पंधराव्या वचनाचं तुम्ही म्हणता ते खरंय. पण ते मुलाला पेपरात विचारून कळत नाही असं माझं मत. ते कोणीतरी जवळ बसून सांगावं लागतं, आणि सहसा उशिराच कळतं. पाठ मात्र वेळेत करून घेता येतं. माझं मत पाठांतरालाच.

जुना शिक्षक

बोलणारा कुठे बदलतो आणि येशूनं कुठून उत्तर दिलं, हे दोन प्रश्न लिहून पाठवा. समितीपुढे ठेवतो, पाळकसाहेबांचं मत घेतो. पेपर छपाईला जायला अजून अवकाश आहे. कुमरानचं घेणार नाही, ते स्तोत्रात नाही. आणि रिकाम्या जागा राहणार.