मेथोट्रेक्सेट चालू असताना नागिणीची लस: ताप येईल म्हणून टाळावी का?

प्रश्न: आईला संधिवात आहे, वय 61. आठवड्याला मेथोट्रेक्सेट 15 मिग्रॅ, रोज प्रेडनिसोलोन (स्टेरॉइड) 5 मिग्रॅ; दोन्ही प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं. शिंग्रिक्सने (नागिणीच्या लशीने) सांधे पुन्हा उसळतील का?

उत्तर १: शिंग्रिक्समध्ये जिवंत विषाणू नाही, त्यामुळे लशीतून नागीण होत नाही. दंड ठणकणं, अंगदुखी, थकवा, कणकण हे मात्र बऱ्याच जणांना होतं; 2-3 दिवसांत ओसरतं. सांधे थोडे दुखू शकतात, पण उलट बाजूला नागीण आणि तिच्यामागून महिनोन्‌महिने राहणारी आग आहे. माझ्या मते लस घ्यावीच. दोन डोस, एरवी 2 ते 6 महिन्यांच्या अंतराने. प्रतिकारशक्ती कमी असेल तर 1 ते 2 महिन्यांनीही चालतो.

उत्तर २: एक भर. फ्लूच्या लशीनंतर मेथोट्रेक्सेटचे दोन आठवडे वगळले तर लस जास्त लागू पडते. पण आजार आटोक्यात असेल तरच, आणि संधिवाततज्ज्ञांना विचारूनच. इतर निर्जीव लशींसाठी थांबवायची गरज नसते. प्रेडनिसोलोन स्वतःहून कधीच बंद करू नका, ते अचानक तोडणं लशीपेक्षा धोक्याचं.

उत्तर ३: खरं जपायचं ते जिवंत विषाणूच्या लशींपासून: नाकात फवारायची फ्लूची, कांजण्यांची, पीतज्वराची. केंद्रावर औषधांची चिठ्ठी आधी दाखवा. लस टोचल्यावर अर्धा तास तिथेच बसवा. आणि ताप 100.4 च्या वर जाऊन दोन दिवसांत उतरला नाही, किंवा खोकला, लघवीला जळजळ सुरू झाली, तर ‘लशीचाच असेल’ म्हणून पॅरासिटामॉलवर दिवस काढू नका. या औषधांवर जंतुसंसर्ग दबक्या पावलांनी येतो.